बायनॅप: एका लिगँडची व्याप्ती वाढत गेली, त्या एकवीस वर्षांचा अभ्यास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखाली क्रिया करायच्या बंद भांड्यात, एक कीटोन होता (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध असलेला रेणू), रुथेनियमचा उत्प्रेरक होता, आणि हायड्रोजन आठ बारवर भरलेला होता. पहिल्या तासात गेजची सुई छान उतरली. मग पाचाच्या थोडी खाली येऊन थांबली. पुन्हा हायड्रोजन भरला, तापमान वाढवलं, रात्रभर ढवळत ठेवलं. सकाळी सुई होती तिथेच. शोधनिबंधातल्या तक्त्यात याच उत्प्रेरकाने पंचवीस कीटोन पार केले होते, शेजारी आकडे होते 97, 98, 99. आमचा कीटोन सव्विसावा होता.

असममित संश्लेषणात, म्हणजे रेणूच्या डाव्या-उजव्या रूपांपैकी हवं तेच बनवण्याच्या कामात, असलेला प्रत्येक जण कधी ना कधी या सुईसमोर उभा राहिलेला असतो. उत्प्रेरक ‘सगळीकडे चालतो’ असं म्हणतात, तेव्हा तो नेमका कुठे चालतो? आणि ही व्याप्ती त्याच्या अंगात येते कुठून? त्या सकाळपासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचं सर्वांत प्रामाणिक उत्तर मला एका जुन्या प्रकरणात सापडलं. नागोया विद्यापीठात रिओजी नोयोरी यांनी 1974 मध्ये बनवायला घेतलेला लिगँड, म्हणजे धातूला धरून त्याच्या क्रियेची दिशा ठरवणारा सेंद्रिय रेणू, बायनॅप. आज हायड्रोजनीकरणाच्या, म्हणजे रेणूला हायड्रोजन जोडण्याच्या, कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये त्याची बाटली असते. सुरुवातीला मात्र तो फार थोड्या रेणूंवर चालायचा. तो रुंद झाला टप्प्याटप्प्याने, आणि दर वेळी कुठेतरी अडल्यानंतर. का अडला हे ज्यांनी नीट पाहिलं, त्यांनीच ती व्याप्ती कमावली, असं माझं मत आहे. हा अभ्यास त्याच अंगाने मांडतो.

डावं आणि उजवं

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी आधी थोडं.

घरी अमृतधारा करताना पाहिलं असेल. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल समभाग घेऊन बाटलीत हलवायचं. तिन्ही कोरडे स्फटिक, पण बघता बघता त्यांचं पाणी होतं. यातलं पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल. मेंथॉलच्या रेणूत तीन कार्बन असे आहेत की प्रत्येकाची मांडणी डावी किंवा उजवी असू शकते. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ प्रकारची मेंथॉलं शक्य आहेत. अणू तेच, जोडण्या त्याच, फक्त अवकाशातली मांडणी वेगळी. जिभेला आणि छातीला जो थंडावा हवा असतो तो त्यांपैकी एकाच रूपात पुरेपूर आहे, आणि पुदिना मुख्यतः तेच बनवतो.

नाकालाही हा फरक कळतो. चटणीच्या पुदिन्याचा वास ज्या कार्वोनचा, त्याचंच आरशातलं प्रतिबिंब बाळंतशोपात असतं. दोन वास शेजारी घेऊन पाहा. एकच रेणू असेल असं वाटतसुद्धा नाही. आपलं शरीर कायरल आहे, म्हणजे ज्यांचं डावं आणि उजवं रूप वेगळं असतं अशा रेणूंचं बनलेलं आहे, म्हणून औषधाच्या डाव्या-उजव्या रूपांशी ते वेगवेगळं वागतं. पार्किन्सनसाठी एल-डोपा लागतो, त्याचा जोडीदार नव्हे. ऑफ्लॉक्सासिनच्या दोन रूपांतलं जास्त प्रभावी ते लिवोफ्लॉक्सासिन.

साध्या रासायनिक क्रियेत दोन्ही रूपं निम्मीनिम्मी तयार होतात. मग ती वेगळी करायची. 1848 मध्ये पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक चिमट्याने वेचून वेगळे केले, तेव्हापासून ही वाट आहे. पण त्यात निम्मा माल नको असलेला निघतो. असममित उत्प्रेरकाचं वचन वेगळं आहे. एक कायरल रेणू घ्या, त्याच्याकडून हव्या त्या रूपाचे हजारो, लाखो रेणू बनवून घ्या. यश मोजायचं ‘ईई’मध्ये, म्हणजे एका रूपाचं दुसऱ्यावरचं आधिक्य. ईई 90 टक्के म्हणजे 95 ला 5. ऐकायला छान, पण औषधासाठी सहसा अपुरं.

दहा टक्क्यांपासून

नोयोरींची सुरुवात क्योतो विद्यापीठात, हितोसी नोझाकी यांच्या हाताखाली. 1966 मध्ये त्यांनी कायरल लिगँड बांधलेल्या तांब्याच्या संयुगाने स्टायरीनवर तीन कार्बनचं कडं चढवलं. ईई दहा टक्क्यांच्याही आत. औद्योगिक नजरेने हा आकडा म्हणजे काहीच नाही. पण एक धातू, त्याभोवती एक कायरल सेंद्रिय रेणू, आणि क्रियेची दिशा त्या रेणूने ठरवायची, ही कल्पना तिथे प्रत्यक्ष दिसली. पुढे सुमितोमो कंपनीत अराताणी यांनी हीच तांब्याची वाट इतकी सुधारली की ती सिलास्टॅटिन या औषधाच्या घटकासाठी कारखान्यात वापरली गेली.

अमेरिकेत सेंट लुइसला मोन्सँटोमध्ये विल्यम नोल्स यांनी 1968 मध्ये ऱ्होडियम आणि कायरल फॉस्फीन (फॉस्फरसचं सेंद्रिय संयुग) वापरून हायड्रोजनीकरण केलं. पहिला आकडा 15 टक्के. काही वर्षांत डायपॅम्प या लिगँडने तो 95 वर गेला आणि त्यावर एल-डोपाचा कारखाना उभा राहिला. फ्रान्समध्ये आंरी कागाँ यांनी 1971 मध्ये डायऑप दिला. नोल्स यांचा कायरलपणा फॉस्फरसवर होता, कागाँ यांचा फॉस्फरसपासून दूर, कार्बनच्या साखळीत.

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. अमिनो आम्लांचे पूर्वज असलेले जे विशिष्ट ॲक्रिलिक आम्लाचे रेणू, त्यांच्यावर हे उत्प्रेरक उत्तम चालत. त्यांच्या बाहेर पाऊल टाकलं की आकडे घसरत.

पिळलेली दोन पानं

बायनॅपचं रूप डोळ्यांसमोर आणणं सोपं आहे. नॅफ्थलीनची दोन सपाट पानं एकाच बंधाने जोडलेली. प्रत्येक पानावर, जोडाच्या शेजारीच, एक फॉस्फरस आणि त्याला दोन बेंझीनची कडी. पानांनी एका पातळीत यावं तर कडा एकमेकांवर आदळतात. म्हणून ती एकमेकांशी तिरकी उभी राहतात, एक तर उजवीकडे पिळलेली, नाही तर डावीकडे. रेणूत एकही कायरल कार्बन नाही. सगळा कायरलपणा त्या पिळात.

कागदावर हे दोन मिनिटांत काढता येतं. बनवायला सहा वर्षं गेली. नोयोरी आणि हिदेमासा ताकाया यांनी 1974 मध्ये सुरुवात केली. शुद्ध डाव्या किंवा उजव्या डायअमीनपासून (दोन नायट्रोजनचे गट असलेला रेणू) निघून पीळ न बिघडवता दोन फॉस्फरस बसवायचे, असा बेत होता. 1976 मध्ये एकदा ते जमलं. पण पुन्हा केलं की जमेना. प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला यातली यातना सांगायला नको. अजिबात न जमणारी क्रिया सोडून देता येते. एकदा जमलेली क्रिया सोडवत नाही. अखेर 1978 मध्ये त्यांनी वाट बदलली. दोन्ही रूपांचं मिश्रण बनवायचं आणि मग कायरल अमीन असलेल्या पॅलेडियमच्या संयुगाच्या मदतीने ती वेगळी करायची. गंमत अशी की ज्या ‘वेगळं करण्या’पासून सुटका हवी होती, त्याच जुन्या पद्धतीने हा लिगँड हाती आला. पण इथे ते परवडतं, कारण लिगँड चिमूटभर लागतो आणि त्याच्याकडून माल टनांनी निघतो.

लिगँड मिळाला, तरी पहिले निकाल 80 टक्क्यांच्या आसपासच. क्रियेच्या अटी बारकाईने बदलत बदलत, अमिनो आम्लांवर जवळजवळ 100 टक्के ईई मिळाल्यावरच 1980 मध्ये तो शोधनिबंध छापून आला. सहा वर्षं एका लिगँडवर बसणारा गट, आणि त्यांना बसू देणारं विद्यापीठ, या दोन्हींबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

बायनॅपचा गुण नेमका कुठे आहे? दोन फॉस्फरस धातूला पकडतात तेव्हा सात अणूंचं कडं तयार होतं. ते ताठ नसतं, थोडं वाकतं. त्यामुळे ऱ्होडियम असो की रुथेनियम, लहानमोठा धातू त्यात ताण न पडता बसतो. पण पानांचा पीळ सुटत नाही, आणि तो पीळ फॉस्फरसवरच्या चार बेंझीन कड्यांपर्यंत पोचतो. धातूच्या समोरच्या जागेचे चार चौकोन कल्पिले, तर कर्णावरचे दोन चौकोन या कड्यांनी अडवलेले आणि दोन मोकळे. येणारा रेणू मोकळ्या चौकोनांत बसेल अशाच बाजूने वळतो. कड्यात लवचीकपणा आणि पिळात ठामपणा, असा हा जोड आहे.

तरीही 1980 चा बायनॅप-ऱ्होडियम अरुंदच होता. तेच ते अमिनो आम्लांचे पूर्वज, क्रिया मंद, अटी नाजूक. याच सुमारास जॅक हॅल्पर्न यांनी या कुळातल्या ऱ्होडियम उत्प्रेरकांचा अभ्यास करून एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. उत्प्रेरकाला रेणू ज्या रूपात जास्त घट्ट बसतो ते रूप आळशी असतं. जे थोडं, अस्थिर, तेच चपळाईने हायड्रोजन घेतं आणि माल ठरवतं. म्हणजे कुलूप-किल्लीसारखं नीट बसणारं चित्र पाहून अंदाज बांधला, तर तो चक्क उलटा निघू शकतो. म्हणूनच इथे नुसतं रेणूचं चित्र पाहून व्याप्ती सांगता येत नाही.

टर्पेंटाइनपासून मेंथॉल

पण ऱ्होडियम आणि बायनॅपने एक काम असं केलं की ते शिकवताना आजही माझा आवाज चढतो.

पाइनच्या टर्पेंटाइनमध्ये बीटा-पायनीन असतं. ते तापवून मायर्सीन मिळतं. मायर्सीनला लिथियमच्या मदतीने डायएथिलअमीन जोडलं की जेरानिलअमीन तयार होतं. या रेणूत अजून एकही कायरल केंद्र नाही. आता ऱ्होडियम-बायनॅप येतो आणि फक्त एक करतो: नायट्रोजनशेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन उचलतो आणि दोन कार्बन पलीकडे नेऊन ठेवतो. बाहेरून काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. दुहेरी बंध सरकतो आणि नवा कायरल कार्बन जन्माला येतो, 96 ते 99 टक्के ईईने. मग आम्लाने पाणी घालून सिट्रोनेलाल मिळतं. नैसर्गिक सिट्रोनेलालचं ईई सुमारे 80 टक्केच असतं, म्हणजे कारखाना इथे झाडाच्या पुढे गेला. पुढे झिंक ब्रोमाइडने रेणूचं कडं बंद होतं आणि आयसोपुलेगॉल मिळतं, आणि शेवटी निकेलवर हायड्रोजन दिला की मेंथॉल.

तीन केंद्रं, आठ शक्यता, पण उत्प्रेरकाने ठरवलं ते एकच केंद्र. उरलेली दोन केंद्रं कडं बंद होताना आपोआप योग्य पडतात, कारण सहा कार्बनच्या खुर्चीत तिन्ही मोठे गट ऐसपैस बसतील अशी एकच मांडणी आहे. कायरल श्रम सुरुवातीलाच एकदा करायचे आणि पुढचं काम रेणूच्या आकारावर सोपवायचं, ही आखणी मला उत्प्रेरकाइतकीच मोलाची वाटते.

नागोया, ओसाका विद्यापीठातले ओत्सुका आणि तानी यांचा गट, आणि ताकासागो ही सुगंधी द्रव्यांची कंपनी यांनी मिळून हे 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात कारखान्यात उतरवलं. एका वेळी नऊ टनांपर्यंतचा घाणा, तापमान 100 अंश. उत्प्रेरक परत परत वापरून ऱ्होडियमच्या एका अणूमागे सुमारे चार लाख रेणू. असे आकडे नुसत्या लिगँडच्या हुशारीने येत नाहीत. कच्च्या मालातला ऑक्सिजन, ओल, उत्प्रेरकाला जखडणारी इतर अशुद्धी काढून टाकण्यावर तिथल्या लोकांनी जे कष्ट घेतले, ते शोधनिबंधाच्या एका ओळीत मावतात. प्रत्यक्षात प्रकल्प त्यावरच तरतो किंवा बुडतो.

आपल्याकडे याची दुसरी बाजू रोज दिसते. नैसर्गिक मेंथॉलचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक भारत आहे. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या परिसरात शेतकरी जपानी पुदिना लावतात, गावातल्याच भट्टीवर तेल काढतात, आणि ते तेल थंड केलं की पुदिन्याचं फूल जमतं. मुंबईच्या एमसीएक्सवर या मेंथा तेलाचे वायदे चालत आले आहेत. म्हणजे खोकल्याच्या गोळीतला थंडावा शेतातून आलाय की टर्पेंटाइनमधून, हे भावावर आणि पावसावरही ठरतं. रेणू दोन्हीकडे तोच.

धातू बदलला

मेंथॉलचं यश डोळ्यांसमोर असताना नोयोरी आणि ताकाया यांनी जे केलं, तो माझ्या मते या प्रकरणातला कळीचा निर्णय आहे. हायड्रोजनीकरणात ऱ्होडियम अडतोय हे मान्य करून त्यांनी धातू बदलला. लिगँड तोच, धातू रुथेनियम, सोबत दोन ॲसिटेट.

1986 आणि 1987 या दोन वर्षांत दारं उघडत गेली. मॉर्फिनच्या कुळातल्या अल्कलॉइडांचे पूर्वज 95 टक्क्यांच्या वर. नॅप्रॉक्सेन हे वेदनाशामक 97 टक्के. जेरॅनिऑलपासून सिट्रोनेलॉल 96 ते 99 टक्के, आणि तेही दोनपैकी एकाच दुहेरी बंधाला हात लावून. दुसरा बंध चार कार्बन पलीकडे तसाच राहिला. का? कारण जवळच्या बंधाशेजारी अल्कोहोलचा गट आहे आणि रुथेनियमला धरायला तो लागतो. आमच्या गटात नव्याने आलेल्यांना मी हे कढईच्या उदाहरणाने सांगतो. एका कानाला धरून भरलेली कढई उचलली तर ती कलंडते, कुठेही वळते. दुसऱ्या कानाला धरलं की ती आपल्याला हवी तशीच येते. उत्प्रेरकासाठी पहिला कान दुहेरी बंध, दुसरा कान शेजारचा ऑक्सिजन.

मग वळण कीटोनांचं आलं, आणि ॲसिटेटवाला उत्प्रेरक तिथे अडला. बीटा-कीटो एस्टर तर दोन कानांचे, तरी क्रिया होईना. त्यांनी ॲसिटेट काढून जागी क्लोरीन घातलं. लिगँड तोच, धातू तोच, बदलला फक्त सोबती. मिथाइल ॲसिटोॲसिटेटवर ईई 99 टक्क्यांच्या वर गेलं, आणि उत्प्रेरकाच्या एका रेणूमागे हजारो रेणू. क्रिया चालताना क्लोरीनमधून किंचित आम्ल तयार होतं आणि कीटोनला पुढे सरकायला तेच मदत करतं, हे कोडं नंतर उलगडलं. याच वाटेने ताकासागोत लिवोफ्लॉक्सासिनसाठी लागणारा डायॉल आणि कार्बापेनेम प्रतिजैविकांचा घटक तयार होऊ लागला. कार्बापेनेमच्या बाबतीत तर सुरुवातीचा माल दोन्ही रूपांचं मिश्रण होता. ही रूपं आपसांत सतत बदलत राहतात, उत्प्रेरक त्यांतल्या एकालाच झटपट उचलतो, आणि शेवटी जवळजवळ सगळा माल हव्या त्या एका रूपात येतो. निम्मं फेकून द्यायची गरजच उरली नाही.

कढईला दुसरा कान नसेल तर

ॲसिटोफीनोन घ्या. एका बाजूला बेंझीन, दुसऱ्या बाजूला मिथाइल, मध्ये कीटोन. धरायला शेजारी काहीच नाही. औषधनिर्मितीत असे साधे कीटोन पावलोपावली भेटतात, आणि बायनॅप-रुथेनियमला ते जमत नव्हते. 1987 पासून 1995 पर्यंत ही भिंत उभी होती.

ती पडली ती एका छोट्या भरीमुळे. बायनॅप-रुथेनियम क्लोराइडला एक डायअमीन जोडलं, द्रावक म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं, आणि थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं. क्रिया एकदम कैक पटींनी वेगात धावू लागली. आणि नायट्रोजनवरचे सगळे हायड्रोजन काढून तिथे मिथाइल बसवलं तर ती पुन्हा मरते. म्हणजे गुपित त्या नायट्रोजन-हायड्रोजन बंधात होतं.

यंत्रणा समजली तेव्हा लक्षात आलं की कान धरण्याचा प्रश्नच इथे निकालात निघाला आहे. कीटोन रुथेनियमला चिकटतच नाही. तो बाहेर, जवळ येऊन उभा राहतो. रुथेनियमवरचा हायड्रोजन कार्बनकडे जातो आणि त्याच क्षणी नायट्रोजनवरचा हायड्रोजन ऑक्सिजनकडे, सहा अणूंच्या एका क्षणिक कड्यातून. धातू आणि लिगँड दोघेही काम करतात. आणि म्हणूनच हा उत्प्रेरक कार्बन-कार्बन दुहेरी बंधाला हात लावत नाही, कारण त्या बंधाला हायड्रोजनची अशी जोडी वाटून घेता येत नाही. आठ वर्षांपूर्वी याच धातू-लिगँडच्या जोडीने जेरॅनिऑलचा कार्बन-कार्बन बंध भरला होता, कीटोन तिला जमत नव्हते. आता पारडं पूर्ण फिरलं.

एक प्रयोग इथे जवळून पाहण्यासारखा आहे. उत्प्रेरक 2.2 मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याहून कितीतरी हलका, तराजूच्या चमच्यावर शोधावा लागेल इतका. त्याच्यासमोर ॲसिटोफीनोन 601 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त द्रव. हायड्रोजन 45 वातावरणं, तापमान 30 अंश. अठ्ठेचाळीस तासांनी सगळा कीटोन संपला. उत्प्रेरकाच्या एका रेणूने सुमारे 24 लाख रेणू पार केले. ईई या टोकाच्या प्रयोगात 80 टक्के होतं. फॉस्फरसवरची बेंझीन कडी जरा जाड केली, म्हणजे प्रत्येकीवर दोन मिथाइल बसवली, आणि डायअमीन बदललं की ते 99 वर जातं. पिळलेली पानं मात्र 1974 च्या कागदावरचीच.

2001 चं रसायनशास्त्राचं नोबेल नोल्स, नोयोरी आणि बॅरी शार्पलेस यांना मिळालं. ताकाया तोवर हयात नव्हते.

जिथे बायनॅप लागू नाही

कीटोनच्या दोन्ही बाजूंना साधेच अल्किल गट असतील, समजा एकीकडे मिथाइल आणि दुसरीकडे एथिल, तर कुठल्या बाजूने यायचं हे उत्प्रेरकाला कळायला फरकच पुरेसा नसतो. इमीनांचंही, म्हणजे कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेल्या रेणूंचंही, तसंच. जगातली सर्वांत मोठी असममित हायड्रोजनीकरणाची प्रक्रिया, मेटोलाक्लोर या तणनाशकाची, 1996 पासून वर्षाला दहा हजार टनांहून जास्त माल देते. तिथे इमीन आहे, आणि उत्प्रेरक आहे इरिडियम व फेरोसीनवर बांधलेल्या झायलीफॉसचा. ईई फक्त 80 च्या आसपास, पण एका रेणूमागे दहा लाखांहून जास्त. तणनाशकाला तेवढं पुरतं. त्या लोकांना व्यापक उत्प्रेरकाची गरजच नव्हती. त्यांना एकच क्रिया हवी होती, पण अखंड.

सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधात कायरल केंद्र घडवण्याचं काम तर आधी ऱ्होडियमवरच्या हायड्रोजनीकरणाने व्हायचं, नंतर मर्क आणि कोडेक्सिस यांनी ते काम एका घडवलेल्या विकराकडे दिलं. विकर आधी त्यासाठी लागणाऱ्या कीटोनकडे ढुंकूनही पाहत नव्हता. बदल करत करत त्याला त्या एका रेणूसाठी तयार केलं. व्यापक उत्प्रेरक पहिल्या आठवड्यात उपयोगी पडतो, पहिला किलो मिळवून देतो. शंभर टन करायची वेळ येते तेव्हा अनेकदा खास घडवलेलाच जिंकतो. दोन्हींची किंमत वेगवेगळ्या दिवशी कळते.

बायनॅपचे वारसही झाले. ताकासागोच्या सेगफॉसमध्ये दोन पानांमधला कोन कमी केला, आणि काही कीटोनांवर त्याचे आकडे बायनॅपहून चांगले आले. 2003 मध्ये तेहशिक यून आणि एरिक जेकबसन यांनी बायनॅप, सॅलेन, बिसऑक्साझोलीन, सिंकोना अल्कलॉइड अशा मोजक्या रचनांना ‘विशेषाधिकारप्राप्त’ उत्प्रेरक म्हटलं, कारण त्या एकमेकांशी संबंध नसलेल्या क्रियांमध्येही चालतात. शब्द रूढ झाला. मला तो पूर्ण पटत नाही. अधिकार म्हटलं की तो आधीच मिळालेला वाटतो. बायनॅपला ऱ्होडियम, मग रुथेनियम ॲसिटेट, मग क्लोराइड, मग डायअमीन अशा चार दारांवर थांबावं लागलं होतं.

जेकबसन यांच्याच हार्वर्डमधल्या गटाने 2022 मध्ये नेचरमध्ये जे मांडलं ते मला जास्त जवळचं वाटतं. आपली नेहमीची रीत अशी: एक सोयीचा नमुना रेणू घ्यायचा, त्याच्यावर उत्प्रेरक घासून घासून 99 टक्के करायचा, आणि मग तक्ता भरायला बाहेर पडायचं. त्यांनी सुरुवातच अनेक वेगवेगळे रेणू एकत्र घेऊन केली. प्रत्येक उत्प्रेरक सगळ्यांवर एकदम तपासायचा, आणि सरासरीने जो टिकतो तो निवडायचा. एखाद्याच रेणूवर चमकणारा उत्प्रेरक त्यात मागे पडतो.

सव्विसावा कीटोन

आमच्या कीटोनमध्ये कार्बोनिलला, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाला, लागूनच पिरिडिनचं नायट्रोजन असलेलं कडं होतं, आणि त्यातला नायट्रोजन अगदी शेजारच्या जागी. क्रिया मुळात सुरूच झाली नसती, तर आम्ही उत्प्रेरक मेला म्हणून द्रावकातला ऑक्सिजन शोधत बसलो असतो. पण सुई आधी उतरली होती आणि मग थांबली. म्हणजे कीटोन अडवत नव्हता. तयार होणारा माल अडवत होता. पिरिडिनचा नायट्रोजन आणि नवं अल्कोहोल, दोन कान, आणि त्या दोन्हींनी रुथेनियमला मिठी मारलेली.

नोयोरी आणि ताकेशी ओहकुमा यांच्या गटाने हे 2000 मध्येच पाहिलं होतं, अशाच पिरिडिनच्या कीटोनवर. त्यांचा उपाय होता क्रियेत थोडंसं बोरेट एस्टर टाकायचं, म्हणजे तयार झालेलं अल्कोहोल बोरॉनकडे जातं आणि रुथेनियम मोकळा राहतो. आम्ही शंभर भाग कीटोनला एक भाग बोरेट घेतलं, ऑटोक्लेव्ह तीन वेळा नायट्रोजनने धुतला, हायड्रोजन आठ बारवर भरला आणि गेजसमोर उभे राहिलो. सुई पाचावर आली, चारावर आली, दुपारी आम्हाला दुसऱ्यांदा हायड्रोजन भरावा लागला.